हलगीवाला पंच नसतो

मुंबई,
११ जून १९९७

ती. अक्का,
सा. न.

दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून तू मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असशील ते मी इथं बसून ऐकलं. फोन करावा तर घरमालकिणीनं फोनला कुलूप घातलंय आणि दुकानाच्या फोनवर काका कान लावून बसलेले असतात. म्हणून पत्र.

बातमी अशी की माझा अल्बम निघतोय. हॉटेलात दुसऱ्यांची गाणी वाजवतो ते नव्हे. माझा. एक जहाज कंपनीतला माणूस आहे, जॅझसाठी वेडा झालेला. त्याच्या भावाचा स्टुडिओ दिवाळीत रिकामा असतो, कारण सिनेमावाले त्या दिवसांत गाणी रेकॉर्ड करत नाहीत. तो आम्हाला देतोय. चौघंजण आहोत. पियानोवर मिंगेल अंकल, वय झालंय पण बोटं अजून पोरकट आहेत. सॅक्सोफोनवर केर्सी. एक बासवाला. आणि ड्रमवर मी. वेष्टनावर नाव माझं असणार, चाली माझ्या असणार.

तू म्हणशील, जॅझ म्हणजे लग्नातल्या बँडचा विलायती भाऊ. तसं नाही. आम्ही वाजवतो त्यात ठेका कुणी एकटा धरून बसत नाही. ठेका असतो, पण तो उघडा दिसत नाही. एक जण ओढतो, दुसरा ताणतो, तिसरा वाट अडवतो, आणि मी मागं बसून सगळ्यांना पळवत असतो. माझा पाय तर घरी जेवतानाही थांबत नाही. मालकीण म्हणते, खाली लोक राहतात.

आता घोडं कुठं अडलंय ते सांगतो. स्टुडिओ नेमका दिवाळीत, आणि आप्पांनी मागच्या दिवाळीला काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. "येत्या दिवाळीच्या पाडव्याला दुकानच्या गादीवर बसला न्हाईस, तर गादी इसर." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. तू त्यांचा अंदाज घे. अजून तसंच म्हणतात का?

तुझा,
श्रीशैल


कोल्हापूर,
१९ जून १९९७

चि. श्रीशैल यास अक्काचे आशीर्वाद.

तम्मा, पत्र वाचून हसले आणि मग दाराआड जाऊन परत वाचलं. ड्रमवाला पुढारी म्हणजे वरातीत बँडवालाच नवरदेव झाला म्हणायचा. पण होऊ दे. आपल्या घरात कुणीतरी पुढारी झालेला बघायचाय मला.

आप्पांचं विचारतोस. ते तुझ्याबद्दल एक शब्दही बोलत नाहीत. त्यांना हल्ली दगदग नको म्हणून पाडव्यापर्यंत दुकानात मी बसते. हो, मी. आधी नुसती हिशेबाच्या पट्ट्या लिहायला जायचे, आता सौदाही पुकारते. शेतकऱ्याचा गूळ दारात उतरतो, कृष्णात हमाल एक रवा, चांगली मोठी ढेप, फोडून दाखवतो, व्यापारी चिमूट तोंडात टाकून तोंड वाकडं करतात (गोड लागला तरी वाकडंच करतात), आणि मग मी आवाज लावते. पहिल्या दिवशी सगळं मार्केट यार्ड बघायला आलं होतं, जसं काही गुळाच्या दुकानात हत्तीण शिरली. शिये गावचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बाई, तुमचा आवाज लई लांब जातोय की." मला आयुष्यात कुणी इतकं छान बोललं नव्हतं.

पण आपल्या दुकानाची रीत तुला माहीत आहे. पाडव्याच्या मुहूर्ताचा सौदा जो पुकारेल, त्याचाच आवाज वर्षभर चालतो. मधल्या काळात कुणी का बसेना, तो राखणदार. काका मला भेटतील तेव्हा हेच ऐकवतात. आणि मलकापूरहून तिकडच्यांचा निरोप येतो, की सासूबाई थकल्या आहेत, सुनेनं आता घरी यावं. ज्या घरात माझ्या नवऱ्यानं दुसरी आणून बसवली, त्या घरात मी म्हातारीचं करायला जावं. सहा वर्षांत एकानं विचारलं नाही जेवलीस का.

तू तुझी कॅसेट कर. दिवाळीत येण्याचा विचार डोक्यातून काढ. आप्पांचं मी बघते. आणि पत्रं घरच्या पत्त्यावर पाठव, दुकानाच्या नको.

तुझी,
अक्का


मुंबई,
६ ऑगस्ट १९९७

ती. अक्का,

तालमी सुरू झाल्या आणि भांडणंही. चूक माझीच आहे, पण ती माझ्या हातून का होते ते मलाच कळेना.

होतं असं. केर्सी सॅक्सोफोन घेऊन झुंजायला लागतो. मी मागून त्याला चढवतो, अजून, अजून. तो वर जाऊन एक असा जबरदस्त सूर मारतो की वाटतं, झालं, मारली. आणि त्या क्षणी माझे हात थांबतात. सगळं चिडीचूप. केर्सी एकटा मैदानात उभा. त्याला अजून पुढं जायचं असतं आणि त्याच्या पायाखालून मी जमीन काढून घेतलेली असते.

पहिल्यांदा तो हसला. मग म्हणाला, तू माझा सूर संपवणारा कोण? काल तो सॅक्सोफोन पेटीत घालून निघून गेला. मिंगेल अंकल म्हणाले, मुला, तुझ्या अंगात कसलं तरी जुनं वाद्य बसलंय, ते तुला हात धरून थांबवतं.

मला लगेच कळलं. ते खासबागेतलं आहे. आप्पा मला कुस्त्या बघायला खांद्यावर घेऊन जायचे आणि मी हलगीवाल्याकडं टक लावून बसायचो. पैलवानाची पाठ मातीला लागली की हलगी खाडकन थांबायची. तो थांबण्याचा आवाज मला सगळ्यात जास्त आवडायचा. आता चाळिशीला टेकलो तरी सुटत नाही. यावर औषध काय ते तू सांग, तू सगळ्यांना सांगतेसच.

श्रीशैल


कोल्हापूर,
१४ ऑगस्ट १९९७

चि. श्रीशैल,

औषध आहे आणि ते आप्पांचंच आहे.

तुला आठवणार नाही, तू लहान होतास. एका मैदानात दोन तोडीस तोड पैलवान भिडले होते. एकानं दुसऱ्याला उलटा फेकला आणि आपल्या हलगीवाल्या ज्ञानूच्या बापानं हलगी थांबवली. त्याला वाटलं चितपट. पण पाठ टेकली नव्हती. तो कुशीवर पडला होता, फिरून उठला. पण हलगी थांबली म्हणून लोकांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडवले, आणि त्या गड्याचं अवसानच गेलं. पुढच्या डावात तो खरोखर पडला. आप्पा घरी आले ते तणतणतच. म्हणाले, "हलगीवाला पंच न्हवं. पाठ टेकली का न्हाय ते पंच सांगंल. ह्यानं वाजवायचं काम करायचं." आपल्या अव्वानं ताट वाढलं, म्हणाली, जेवून घ्या, तर ताटावरही तेच.

तेव्हा तू केर्सीचा पंच होऊ नकोस. त्याची पाठ टेकेपर्यंत वाजव. तो फिरून उठेल की नाही ते तू ठरवू नकोस.

आप्पा बरे आहेत. कृष्णात त्यांना सकाळी उन्हात बसवतो. यंदा पाऊस फार, कळंबा तलाव भरून सांडव्यावरून वाहतोय. गुऱ्हाळं अजून सुरू व्हायची आहेत म्हणून दुकानात शांतता आहे. मला शांतता सोसत नाही. रिकाम्या गादीवर बसले की मलकापूर आठवतं, मग उठते आणि गोदाम झाडायला लावते. कृष्णात म्हणतो, "अक्का, काल झाडलंय की." मी म्हणते, आज परत झाड.

अक्का


मुंबई,
२२ सप्टेंबर १९९७

ती. अक्का,

तुझं औषध लागू पडलं होतं. महिनाभर असं वाजलं की मिंगेल अंकल डोळे पुसत होते. आणि परवा केर्सीनं सांगितलं की त्याला परदेशी जहाजावर नोकरी लागली. पाहुण्यांना नाचवायची. दिवाळीच्या आधी जहाज सुटतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच.

सॅक्सोफोनवाले मुंबईत दुसरे आहेत. पण त्या चाली मी केर्सीशी भांडतभांडत केल्या. दुसऱ्याच्या तोंडी त्या बसत नाहीत.

मी कंटाळलो, अक्का. या खोलीत मला बसवत नाही, बाहेर फिरवत नाही. समुद्रावर जातो आणि परत येतो. आणि तुझ्या पत्रात एक वाक्य आहे ते मला टोचतंय. कृष्णात आप्पांना उन्हात बसवतो. का? ते स्वतः बसत नाहीत का? म्हातारे झाले असतील. आणि त्यांच्या जागी तू दिवसभर त्या पेठेत घसा फोडतेस, माझ्यामुळं. मी इथं काठ्या आपटत बसलो आणि माझं ओझं तू वाहिलंस.

मी ठरवलंय. पाडव्याच्या आधीच येतो, कायमचा. गादीवर बसतो. तू मोकळी होशील. काकांनाही तसं पत्र टाकलंय.

तुझा,
श्रीशैल


कोल्हापूर,
२७ सप्टेंबर १९९७

श्रीशैल,

काका तुझं पत्र घेऊन घरी आले आणि पेढे वाटून गेले. मी पेढा खाल्ला नाही.

आता जे खरं आहे ते लिहिते. गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. ते तुझ्याबद्दल एक शब्दही बोलत नाहीत असं मी लिहिलं, ते खोटं नव्हतं. ते कशाबद्दलच बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात हळूहळू थोडं परत येईल. आता डावा हात चांगला हलतो, माणसं ओळखतात, रागावतात सुद्धा.

तुला कळवलं नाही, कारण तू धावत आला असतास, आणि तुला गादीवर बसवलं असतं. तुझा अल्बम बुडू नये म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत होते. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला ती गादी हवी आहे.

तू लिहितोस, तू मोकळी होशील. कशासाठी मोकळी? तू बसलास की दुसऱ्या दिवशी काका मला मलकापूरच्या गाडीत बसवतील. त्यांनी तिकडं शब्द दिलाय. माहेरी राहायला बाईला काहीतरी कारण लागतं, आणि माझं कारण ती गादी आहे. पण नुसतं तेवढंही नाही. मला तिथं बसायला आवडतं. गूळ फोडला की आत कसा निघेल ते मला आता बाहेरून कळतं. व्यापारी माझ्याशी भांडतात, बरोबरीनं भांडतात. रात्री घसा बसतो आणि मी खूश असते. तू आलास तर हे सगळं तुझ्या मायेपोटी जाईल आणि मला रडताही येणार नाही.

आप्पांना बघायला जरूर ये, तो तुझा हक्क आहे. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड. पण गादीवर बसायला येऊ नकोस. मला भीती वाटते, तम्मा.

अक्का


मुंबई,
१५ ऑक्टोबर १९९७

अक्का,

दसऱ्याला आलो तेव्हा तुझ्याशी नीट बोललो नाही. बोललो असतो तर वाईट बोललो असतो. आप्पांचा हात हातात घेतला तेव्हा मला तुझा इतका राग आला, की सहा महिने हा हात असा पडून होता आणि मी इथं झांजा वाजवत होतो. तो राग अजून थोडा आहे. राहू दे तो. तुला कळावा म्हणून लिहिला.

पण मी दुकानात खांबामागं उभा राहून तुला सौदा पुकारताना पाहिलं. तुला दिसलो नाही. तू एका व्यापाऱ्याला म्हणालीस, "पावणं, गूळ बघा, माझ्याकडं काय बघालाय?" आणि सगळी रांग हसली आणि त्याच हसण्यात तू भाव चढवलास. तो आवाज असा टप्प्याटप्प्यानं चढत होता, मध्ये थांबत होता, की माझा पाय आपोआप हलायला लागला.

काकांनी मला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तुला सांगायचं राहिलं. "पाडव्याला तू बसायचंस. तू न्हाय आलास तर माझा राजशेखर बसंल. पर बाईमाणसाच्या तोंडनं मुहूर्ताचा सौदा व्हायचा न्हाय." म्हणजे मी आलो तरी तुझं गेलं आणि नाही आलो तरी गेलं.

इकडं केर्सी परत आला. जहाजावर रोज तीच गाणी, त्याच क्रमानं, असा करार होता. त्यानं तो वाचला आणि पळाला. स्टुडिओ मिळालाय लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज. तू सांग, मी काय करू?

श्रीशैल


कोल्हापूर,
१९ ऑक्टोबर १९९७

चि. श्रीशैल,

राग ठेव. तो मला पाहिजेच.

तू काय करू विचारतोस. तू तुझं रेकॉर्डिंग कर. दोघांपैकी एकाचं तरी होऊ दे. राजशेखरला गुळातलं आणि साबणातलं वेगळं ओळखता येत नाही, पण तो मुलगा आहे. काकांनी गादीला नवा अभ्रा शिवायला टाकलाय. मलकापूरहून माझ्यासाठी साडी आलीये. ती मी उघडली नाही.

झोप लागत नाही. गोदाम रोज झाडून घेते.

अक्का


मुंबई,
२४ ऑक्टोबर १९९७

अक्का,

पाडव्याला सकाळी येतोय. त्याच दुपारच्या एसटीनं परत जाणार. काकांना सांग, श्रीशैल येतोय, राजशेखरची गरज नाही. आप्पांना खुर्चीवरून दुकानात आणायला कृष्णातला सांग. आणि ज्ञानूला निरोप दे, हलगी घेऊन आपल्या दारात ये म्हणावं. दरवर्षी येतोच, या वर्षी आधी आपल्याकडं.

कारण विचारू नकोस. तुझा आवाज तेवढा जप.

श्रीशैल


कोल्हापूर,
३ नोव्हेंबर १९९७

चि. श्रीशैल यास अक्काचे खूप खूप आशीर्वाद.

तू हलगी ज्ञानूच्या हातात देऊन तसाच स्टँडवर पळालास. मागं काय झालं ते तुला माहीतच नाही. पण आधी तुझंच सांगते, कारण तुझं तोंड तुला दिसत नव्हतं.

काका नव्या अभ्र्याच्या गादीशेजारी आप्पांचा फेटा घेऊन उभे. स्वामीजी पूजा करून बाजूला बसलेले. आप्पा खुर्चीत. शिये गावचा तो म्हातारा गूळ घेऊन पहिला आलेला. आणि तू पायरीवर ज्ञानूला म्हणतोस, "दे इकडं जरा." त्यानं कागद पेटवून हलगी शेकली होती, ती तू गळ्यात अडकवलीस. मला वाटलं, याचं डोकं फिरलं.

काका म्हणाले, "काय करालाईस? आपल्यात हलगी धरत न्हाईत. ठेव ती खाली, मुहूर्त चाललाय." आणि तू म्हणालास, "काका, हलगी गळ्यात हाय, गादीवर कसा बसू?" आणि वाजवायला लागलास. खासबागेतली. कुस्तीच्या सुरुवातीच्या खडाखडीची, सावकाश, नुसती दम बघणारी.

सगळं यार्ड आपल्या दारात गोळा झालं. शिवमूर्ती अडत्याचा पोरगा भर पाडव्याला पायरीवर हलगी वाजवतोय, हे बघायला कोण येणार नाही? व्यापारीही सगळे आले. काका राजशेखरला हाका मारत होते आणि तू त्याची गरज नाही असा निरोप दिला होतास म्हणून तो तिकडं मोटारसायकलवरून आजऱ्याला गेलेला. मुहूर्त सरत होता. शेतकरी खोळंबलेला. तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. नुसतं बघितलंस, मान सुद्धा हलवली नाहीस.

मी गादीवर चढले आणि आवाज लावला. कसा लावला ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी चढले की तू चढत होतास, मी थांबले की तू दबकत होतास, आणि एकदा भाव अडला, सगळे गप्प झाले, मला वाटलं झालं, इथंच तुटणार. तिथं तू थांबला नाहीस. खालच्या आवाजात वाजवत राहिलास. मग मागून एक हात वर आला, मग दुसरा, आणि सौदा पटला. आणि तेव्हा तू खाडकन थांबलास. यार्डात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तू गेल्यावर काका पेटले. "लिंगायताच्या पोरानं हलगी वाजीवली आन् पोरीनं सौदा पुकारला, आता गटुळी बांधून गाव सोडून जावा समदी." ज्ञानू तिथंच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "मालक, माझी हलगी पाडव्याला तुमच्या दारात चालती. हात तेवढा चालंना व्हय?" काका आप्पांकडं वळले. म्हणाले, "दादा, तूच सांग. हा सौदा धरायचा का न्हाय?"

आप्पा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी डावा हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. मैदानात पंच धरतो तसं. वर उचलायला जोर नव्हता त्यांच्यात. मीच उचलला.

शियेच्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. काका फेटा घेऊन निघून गेले. संध्याकाळी पुरणाची होळगी खायला मात्र आले. साडी मी मलकापूरला परत पाठवली, कृष्णातच्या हातून, न उघडता.

भाऊबीजेला तू नव्हतास. ओवाळायचं राहिलं. तुझ्या हाताची बोटं फुटलेली मी बघितली होती. रेकॉर्डिंग झालं का? बोटांना हळद लावलीस का?

अक्का


मुंबई,
१२ नोव्हेंबर १९९७

ती. अक्का,

तुझं पत्र मिंगेल अंकलना वाचून दाखवलं, अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करून. मनगटाशी आलो आणि मला पुढं वाचता येईना. ते म्हणाले, राहू दे, मला कळलं.

आप्पांचा फेटा नाकारून, त्यांच्यासमोर हलगी वाजवून मी पळालो, आणि सगळ्या वाटेत मला वाटत होतं की ते आता माझं तोंड बघणार नाहीत. खुर्चीत ते माझ्याकडं बघत होते का? मी मुद्दाम त्यांच्याकडं बघितलं नाही. माझी नजर व्यापाऱ्यांच्या हातांवर होती.

रेकॉर्डिंग झालं. पाडव्याचा दिवस बुडाला, राहिलेलं सगळं भाऊबीजेला उरकलं. बोटांना पट्ट्या बांधून बसलो. काठी नीट धरता येत नव्हती, म्हणून जोरानं मारताच येईना, हलकं वाजवावं लागलं, आणि केर्सी म्हणाला आज पहिल्यांदा तू माझं ऐकतोयस. शेवटची चाल तुझ्या सौद्याची आहे. पाडव्याच्या एसटीत बसल्याबसल्या डोक्यात झाली. केर्सी त्यात भाव चढवतो, पियानो तोंड वाकडं करतो. एका ठिकाणी सगळं अडतं आणि मी खालच्या आवाजात वाजवत राहतो. कुणी येईल याची खात्री नसते. मग बास येतो.

मिंगेल अंकल म्हणाले, ही चाल मूळ सुरावर, म्हणजे घरी, येऊन संपत नाही, लोकांना चुकल्यासारखं वाटेल. मी म्हटलं, वाटू दे. तशीच ठेवली. अल्बम यायला वर्ष लागेल म्हणतात, त्या जहाजवाल्याचं सगळं सावकाश. मला आता घाई नाही. पण पाय अजून हलतोच, मालकीण अजून ओरडते.

श्रीशैल


कोल्हापूर,
६ ऑक्टोबर १९९८

चि. श्रीशैल,

कॅसेट पोचली. वेष्टनावर तुझं नाव सगळ्यांच्या वर आणि फोटोत तू सगळ्यांच्या मागं. दुकानात सगळ्यांना दाखवली. कृष्णातनं हात धुऊन घेतली.

घरी आप्पांच्या खाटेजवळ टेपवर लावली. खरं सांगते, पहिली चाल मला काही कळली नाही. पातेली पडल्यासारखं वाटलं. आप्पांनी डाव्या हातानं खूण केली, बंद कर. मी बंद केली आणि तुला हे कसं लिहावं या विचारात पडले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी टेपकडं बोट दाखवलं. तिसऱ्या दिवशी परत. आता रोज. शेवटच्या चालीला, जिथं सगळं अडतं आणि तू एकटा वाजवत राहतोस, तिथं ते श्वास धरून बसतात. मीही धरते. मला माहीत असतं बास येणार आहे, तरी दर वेळेला वाटतं, या वेळी नाही आला तर?

काल ती चाल संपली, म्हणजे संपली नाहीच, थांबली. आणि आप्पांचे ओठ हलले. महिन्याभरापासून थोडे शब्द येतायत, पण मोडके, मलाच कळणारे. म्हणाले, "कुस्ती... कुणी मारली?"

मी म्हटलं, "अजून चाललीय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. मग तुझ्या नावासारखं काहीतरी म्हणाले आणि दाराकडं बघितलं. मागच्या पाडव्याला ते तुझ्याकडं बघत होते का, असं विचारलं होतंस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मी गादीवर होते, मला दिसलं नव्हतं. काल दाराकडं बघत होते एवढं मी बघितलं.

गेल्या वर्षी मी तुला तीनदा लिहिलं, येऊ नकोस. सख्ख्या भावाला दिवाळीला येऊ नको म्हणणारी बहीण सगळ्या करवीरात एकटी मीच असेन. यंदाचा मुहूर्ताचा सौदा मीच पुकारणार आहे. काकांनीच परवा येऊन विचारलं, अभ्रा कुठल्या रंगाचा शिवू?

तेव्हा आता ये. पाडव्याला ये, भाऊबीजेपर्यंत राहा, दुपारच्या एसटीनं पळू नकोस. गादीवर मी आहे. तुझ्यासाठी पाट मांडते.

तुझी,
अक्का